टाच माझ्या खांद्यावर

वहिनी,

परवा तुझ्या तेराव्याची पंगत बसली होती. मी वरण वाढत पुढे गेले आणि पाठीमागे दोघीजणी हळू आवाजात बोलल्या, "ह्या वयात पळायची काय गरज होती? गेली ना बिचारी." मी मागे वळले. म्हटलं, "काकू, ती पळाली म्हणून नाही गेली. ती पळाली, जिंकली, आणि मग गेली. डोक्यातली एक शीर जन्मापासूनच कच्ची होती असं डॉक्टर म्हणाले. ती शिवणाच्या मशीनवर बसल्याबसल्याही फुटली असती." काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही आपलं सहज बोललो." मी त्यांना आणखी एक पळी वरण वाढलं आणि पुढे गेले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "वन्सं, पंगतीत भांडू नये." नवऱ्याच्या धाकट्या बहिणीला अजून 'वन्सं' म्हणणारी आणि तिला 'अहो-जाहो' करणारी आपल्या धारमध्ये तू बहुतेक शेवटचीच. मी मात्र तुला पहिल्या दिवसापासून 'अगं वहिनी' म्हणत आले, आणि ते कधी कुणाला खटकलं नाही.

तेरा दिवस लोक तुझ्याविषयी बोलत होते. सोशिक होती, हाताला चव होती, तिच्यासारखं ब्लाउज धारमध्ये कुणी शिवत नव्हतं. सगळं खरं आहे. पण पंचावन्न ओलांडल्यावर हर्डलवरून झेपावलेली बाई कुणाच्या बोलण्यात येईना. मला तर अलीकडे तीच जास्त ओळखीची होती.

तिची सुरुवात पडण्यापासून झाली. आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात बायकांची धावण्याची गंमत ठेवली होती. बाकीच्या हसत, पदर सावरत निघाल्या. तू पदर खोचलास आणि खरोखरच धावलीस. दादाचा मला देवासला फोन आला. "तुझी वहिनी पडली. मांडीमागे काहीतरी फाटल्यासारखं झालं म्हणते." मागून तुझा आवाज आला, "आधी त्यांना सांगा, मी पुढे होते."

दादाने तेव्हा एकच वाक्य धरून ठेवलं होतं. हे वय आहे का? पीथमपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला त्याचा, शिफ्टच्या बसमध्ये झोप काढत. निवृत्तीनंतर घरात शांतता हवी होती त्याला. मांडीला बर्फ लावणारी बायको त्याच्या हिशेबात नव्हती. दुखणं थांबल्यावर तू एका सकाळी फिरायला म्हणून मैदानावर गेलीस.

तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांना व्यायाम शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तुला सांगितलं, "भाभीजी, झुक के झटके मारो, नस अपने आप खुलेगी." तू वाकून झटके मारलेस. आठवड्याच्या आत इंदूरला बस बदलून, लंगडत, माझ्या देवासच्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या पायऱ्या चढलीस.

मी तुला गादीवर उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता दुखरा उजवा पाय वर उचलायला लागले. अर्ध्यावरही आला नाही. तिथेच थरथरायला लागला आणि गुडघा आपोआप वाकला. डावा पायही फार बरा नव्हता. इतकी वर्षं गुडघे दुमडून मशीनवर बसलेल्या बाईच्या मांडीमागचे स्नायू असेच असतात. मी तुला समजावलं की स्नायूला अचानक ओढलं तर तो स्वतःला वाचवण्यासाठी उलट आवळून घेतो. ज्यांचं शरीर रोजच्या खेळाने तयार आहे त्यांना झटके चालतात, नुकत्याच भरून आलेल्या जागेला नाही.

"म्हणजे त्यावर ओरडायचं नाही," तू म्हणालीस.

"नाही. हळू न्यायचं, जिथे ताण लागतो तिथे थांबायचं, आणि श्वास घेत थांबून राहायचं."

"आणि मग पळता येईल?"

मी विचारलं, पळायचंय कशाला. तू छताकडे बघत होतीस. मग सांगितलंस, सरदारपूरच्या शाळेत तू हर्डल्स पळायचीस. जिल्ह्यात पहिली आली होतीस. पुढच्या स्पर्धेला जायच्या आधी लग्न ठरलं. आमच्या घरात इतकी वर्षं राहिलीस, माझ्या आईची बाळंतिणीसारखी सेवा केलीस, माझं लग्न लावून दिलंस, आणि हे मला त्या दिवशी गादीवर कळलं. दादाला ठाऊक आहे का, मी विचारलं. म्हणालीस, "त्यांनी कधी विचारलं नाही. पण वाईट माणूस नाहीत ते."

मग दर रविवारी तू यायला लागलीस. सोबत भाकऱ्या, लसणाची चटणी आणि तू स्वतः शिवलेला तो पट्टा. ब्लाउजांच्या उरलेल्या कापडाचा, दुहेरी टीप घातलेला, तळव्यात अडकवायला टोकाला फास. उताणं पडायचं, पट्टा तळव्यात अडकवायचा, पाय सरळ वर न्यायचा आणि धरून ठेवायचा. घरी रोज, माझ्याकडे रविवारी. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मी म्हणत होते, होईल. तू म्हणत होतीस, "वन्सं, पिठलं आटतंय की नाही ते तरी दिसतं. इथे काही दिसतच नाही."

म्हणून मी तुला दुसरी रीत दाखवली. तुझी टाच माझ्या खांद्यावर ठेवली आणि म्हटलं, आता मला खाली दाब. पूर्ण जोर नको, अर्धा. तू दाबलंस, मी जागची हलले नाही. मग सोड म्हटलं. तू सोडलंस, आणि त्या सुटलेल्या क्षणात मी पाय वर नेला, आधी थांबायचा तिथून चांगला वर. तू डोकं उचलून स्वतःच्या पायाकडे बघितलंस. "हा माझाच आहे ना?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, आता हेच करू. तू नाही. तू उठून बसलीस आणि म्हणालीस, "असं करू या. दोन्ही पाय आता बरे आहेत. उजव्याला ताणून धरायचं, डाव्याला आवळून सोडायचं. बघू कोण जिंकतं." मी आयुष्यभर लोकांचे पाय ताणले, पण कुणी आपल्या दोन पायांची शर्यत लावलेली पाहिली नव्हती. डाव्यासाठी दाबायला घरी कुणीतरी हवं होतं. ते काम दादाच्या गळ्यात पडलं. रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या खांद्यावर तुझी टाच. पहिल्या दिवशी त्याने मला फोन केला. "हे काय चालवलंय तुम्ही दोघींनी? बायकोचा पाय खांद्यावर घेऊन बसलोय, दार लावून घ्यावं लागतं." पण फोन ठेवता ठेवता विचारलं, "किती जोरात धरायचा?"

डावा पाय भराभर पुढे गेला. दोन-तीन आठवड्यांत फरक उघड दिसायला लागला. तू उजव्यावर नाराज झालीस. मी म्हटलं, थांब, त्यालाही वेळ दे. आणि पावसाळा लागेपर्यंत उजव्याने डाव्याला गाठलं. दोन्ही सारखे झाले. उभी राहून वाकलीस तर बोटं नाही, तळवे फरशीला टेकले. मला वाटलं होतं तू खूश होशील. तू चिडलीस. "मग इतके दिवस दोन वेगळे प्रकार करून मिळवलं काय?" म्हटलं, हेच की दोन्ही वाटा तिथेच जातात. एक लवकर जाते पण दुसरा माणूस लागतो, एक उशिरा जाते पण एकटीला जाता येतं. मग म्हणालीस, "एकटीचीच बरी." पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणालीस, "पण ह्यांचीही चालू ठेवते. ह्यांना सवय झालीय."

मग दादाला टायफॉइड झाला आणि तुझं सगळं बंद पडलं. महिन्याने गादीवर झोपलीस तर कमावलेलं निम्मं गेलेलं. तू त्या दिवशी रडलीस. पडलीस तेव्हा रडली नव्हतीस, तेव्हा रडलीस. माझ्याकडे सांगायला एवढंच होतं की ताण दिलेला स्नायू ठेव म्हणून राहत नाही, रोज द्यावा लागतो. पण एकदा गेलेली वाट दुसऱ्यांदा लवकर सरते. तसंच झालं.

आपला मोठा वाद ह्याच सुमारास सुरू झाला आणि तो तसाच राहिला. मी म्हणायचे, स्नायू फारसा लांबत नाही. शरीराला तो ताण सहन व्हायला लागतो, धोका नाही हे त्याला पटतं, म्हणून ते तुला पुढे जाऊ देतं. तू हे शेवटपर्यंत मानलं नाहीस. "वन्सं, कापड धुतल्यावर आटतं आणि ताणल्यावर सैल होतं. मी जन्मभर बघतेय. माझा पाय लांब झालाय." मी म्हणायचे, पाय म्हणजे कापड नाही. भूल दिलेल्या माणसाचा आखडलेला पायही सहज वर जातो, तेव्हा काय स्नायू एका मिनिटात वाढतो? तू म्हणायचीस, "मला भूल न देता गेलाय." खरं सांगू, तूही पूर्ण चूक नव्हतीस. महिनोन् महिने केलं तर स्नायूतही काही बदलत असावं, तज्ज्ञांचंही त्यावर एकमत नाही. हे मी तुला सांगणार होते. पण वाद इतका रंगात यायचा की मध्येच थांबावंसं वाटायचं नाही.

दिवाळीनंतर धारच्या घरी आले तर मागच्या अंगणात पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपांचं काहीतरी उभं होतं. नळाच्या कामाचे पाइप, कोपऱ्यांना एल्बो, वरची दांडी नुसती टेकवलेली, पाय लागला की पडेल अशी. दादा खाली बसून आणखी एक जोडत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खऱ्या हर्डलवर घोटा आपटला तर परत महिनाभर घरात बसेल. मग तिची चिडचिड कोण ऐकणार?" तू स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलंस.

पहाटे तो ते पाइप स्कूटरला बांधून मैदानावर न्यायचा, मांडायचा, आणि कुणी ओळखीचं दिसलं की आपण फिरायलाच आलोय असं दाखवायचा. फिरणाऱ्या बायका आधी तोंडावर रुमाल धरून हसल्या. मग थांबून बघायला लागल्या. शेजारची संगीता भाभी म्हणाली, "भाभी, हमारे से तो नाली भी नी कूदी जाती."

देवासला ज्येष्ठ खेळाडूंची स्पर्धा लागली तेव्हा थंडी होती. तू आदल्या दिवशीच माझ्याकडे आलीस. सकाळी मैदानावर पोचल्याबरोबर गवतावर बसलीस आणि पट्टा काढून पाय ताणून धरायला लागलीस. मी तो पट्टा हातातून घेतला. आपलं तिथेच भांडण झालं, चांगलं चारचौघांत.

"वन्सं, रोज हेच करून तर पाय सुटलाय माझा."

"रोजचं वेगळं, शर्यतीआधीचं वेगळं. आत्ता खूप वेळ ताणून धरलंस तर स्नायू ढिला पडेल, उसळी कमी होईल. आत्ता पाय झुलवायचे."

"आणि आखडला तर?"

"झुलवून ऊब येईल. आखडणार नाही. आज माझं ऐक."

तू ऐकलंस. माझ्या खांद्यावर हात ठेवून पाय पुढेमागे झुलवलेस, आधी छोटे, मग कमरेच्या वर. मग गुडघे उचलत थोडी धावलीस. तुझ्या गालांवर रंग आला. मंगळसूत्र टीशर्टच्या आत टाकलंस. तुझ्या गटात चौघी होत्या. उज्जैनची एक उंच बाई सगळ्यांच्या ओळखीची दिसत होती, दरवर्षी तीच यायची पहिली. दादा लांब, पायऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन बसला.

शिट्टी झाली. पहिल्या हर्डलला तू उशिरा पोचलीस. उज्जैनची बाई पुढे होती. दुसऱ्यालाही. पण ती प्रत्येक हर्डलपाशी पावलं तोडत, वेग कमी करत होती, बुटका कठडा ओलांडावा तशी. तू तोडत नव्हतीस. तुझा पुढचा पाय सरळ जात होता, पूर्ण सरळ, गुडघ्यात जराही न वाकता, आणि मागचा बाजूने वळून येत होता. तो पाय मी माझ्या गादीवर अर्ध्यावर थरथरताना बघितला होता. चौथ्याला तुम्ही बरोबर होतात. शेवटच्याला तुझा मागचा घोटा लागला, हर्डल पडला, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तू रेषेच्या पलीकडे होतीस आणि उज्जैनची बाई तुझ्या मागून येत होती.

तू माझ्याकडे चालत आलीस. धापा टाकत होतीस. पदकाचं नाही, पहिलं हे बोललीस, "वन्सं, पाय कुठेच अडला नाही."

दादा सावकाश पायऱ्या उतरून आला. "शेवटच्याला घोटा लागला तुझा," म्हणाला आणि तुझी पिशवी उचलली. संध्याकाळी तुम्हाला बसमध्ये बसवून द्यायला आले. मी खिडकीपाशी उभी होते, म्हणून ऐकू आलं. तिकीट काढताना तो कंडक्टरला सांगत होता, "भिया, ये हमारी घरवाली है. आज दौड़ में फर्स्ट आई." कंडक्टरने विचारलं, कौन सी दौड़. दादाने त्याला सगळं समजावलं, हर्डल किती आणि कसे. मागचे प्रवासी खोळंबले होते.

त्यानंतर तुला थोडेच महिने मिळाले. मला ते थोडे वाटतात. तू त्यांत रोज धावत होतीस.

इंदूरच्या हॉस्पिटलातून तुला घरी आणलं तेव्हा अंगात अजून ऊब होती. बायकांनी न्हाऊ घालायला घेतलं. पायांकडे मी होते. उजवा पाय उचलला, तो सरळ वर आला. कुठेच अडला नाही. नुकताच प्राण गेलेल्या कुणाचाही पाय तसाच येतो, मला शिकवलेलं आहे. आपल्या वादात मी जिंकले असं म्हणता आलं असतं. पण मी तो पाय धरून बसले आणि मला मनापासून वाटलं की तुझंच खरं असावं. तो तू लांब केला होतास. माझ्या डोळ्यांदेखत, भूल न देता. नंतर पाणी घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, खाली ठेव गं, पाणी थंड होतंय.

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात अशी बोलायची पद्धत नव्हती. मला बारावीनंतर इंदूरला शिकायला जायचं होतं आणि बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. तू तेव्हा नवी होतीस, बाबांसमोर पदर घेऊन उभी राहायचीस आणि विचारल्याशिवाय बोलायची नाहीस. त्या दिवशी ताट वाढता वाढता म्हणालीस, "मामंजी, वन्संना शिकू द्या. नंतर राहून जातं." बाबांनी घास हातात धरून तुझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉलेजचा पत्ता विचारला. 'नंतर राहून जातं' हे तू कशावरून म्हणालीस, ते मला सरदारपूरची गोष्ट ऐकेपर्यंत कळलं नव्हतं. ज्या हातांनी मी तुझा पाय वर नेला ते तूच मला मिळवून दिले होतेस. आता बोलले.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. मी अजून धारलाच आहे. चहा होत होता तेवढ्यात संगीता भाभी आली, बरोबर आणखी दोघी. मला वाटलं पुन्हा समाचाराला आल्या. त्या बसल्या, थोड्या रडल्या, आणि मग संगीता भाभी माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, हमको भी वो सीखना है. भाभी वाला. अगली संक्रांत में दौड़ेंगे." मी म्हटलं, पाय मोकळे करून देईन, ते माझं काम आहे. पण हर्डल मी जन्मात ओलांडलेला नाही, ते कोण शिकवणार?

दादा आतल्या खोलीत होता. तेरा दिवस तो कामापुरतंच बोलला होता. बाहेर आला, तिघींकडे बघितलं, आणि म्हणाला, "मैं बताता हूँ. रोज देखा है मैंने." मग भिंतीला हात टेकून त्याने मागचा पाय उचलला. गुडघा बाजूला वळवून तुझ्यासारखा पुढे आणायचा होता त्याला. तो अर्ध्यावर अडकला, थरथरायला लागला, आणि दादा त्याच अवस्थेत, एका पायावर उभा, अगदी गंभीरपणे म्हणाला, "ऐसे. पर पूरा."

आधी संगीता भाभी हसली. मग त्या दोघी, मग मी. दादाने पाय खाली ठेवला आणि तोही हसला. मी आतून गादी आणली, हॉलमध्ये पसरली आणि त्याला म्हटलं, "दादा, झोप उताणा. टाच माझ्या खांद्यावर."